दीड सेंटीमीटर

माझ्या मुलीचा सहावीतला युनिफॉर्म तिला आठवीतही येत होता. शाळा उघडायच्या आधी कॉलनीतल्या बाकीच्या बायका ट्युनिकची दुमड उसवायला बसायच्या, शिंप्याकडे खेटे घालायच्या. माझ्या मुलीच्या ट्युनिकला मी दोन वर्षांत सुई लावली नाही. कुणी विचारलं तर मी सांगायची, "आमची फार जपून वापरते कपडे." आणि मला ते खरंच वाटायचं. कापड विटलं होतं, शर्टाची कॉलर विरली होती, पण ट्युनिक आखूड झाला नव्हता. हे माझ्या डोळ्यांसमोर रोज सकाळी बसच्या थांब्यावर उभं असायचं आणि मला दिसत नव्हतं.

आम्ही भोपाळला आलो ते तिच्या बाबांच्या नोकरीमुळे. ते मूळचे नागपूरचे, इथल्या विजेची अवजड यंत्रं बनवणाऱ्या मोठ्या कारखान्यात इंजिनियर. आधी आनंद नगरला भाड्यानं राहिलो, मग अवधपुरीत स्वतःचा फ्लॅट घेतला. माझं माहेर वर्ध्याचं. लग्नाआधी मी गृहविज्ञानात पदवी घेतली होती. प्रथिनं कशात, लोह कशात, वाढत्या वयाच्या मुलाला दिवसाला किती दूध, हे सगळं मला तोंडपाठ होतं. नोकरी मी कधी केली नाही. पण माझ्या स्वयंपाकघरात काही चुकीचं शिजत असेल, अशी शंका मला आयुष्यात आली नव्हती.

माहेरी आम्ही ज्वारीची भाकरी खाणारे. पोळ्या सणावाराला किंवा पाहुणे आले तर. भोपाळला आल्यावर शेजारणीनं मला पहिल्यांदा इथला शरबती गहू दाखवला, मोत्यासारखा टपोरा, हातात घेतला की थंड लागणारा. त्याची पोळी सकाळी केलेली संध्याकाळीही मऊ राहायची. मी हरखून गेले. भाकरी हळूहळू सुटलीच. होळी झाली की वर्षाचा गहू घ्यायचा, गच्चीवर ऊन दाखवायचं, निवडायचा, कडुलिंबाचा पाला घालून पत्र्याच्या कोठीत भरायचा. मुलीचा पहिला घास गव्हाच्या खिरीचा. मग दलिया, मग दुधात कुस्करलेली पोळी. ती दीड वर्षाची असताना तिचं पोट नगाऱ्यासारखं फुगायचं आणि हातपाय काड्या. आजारी मूल असं दिसतं, हे मी पुस्तकात वाचलेलं होतं. पण पुस्तकातलं मूल उपाशी होतं. माझं मूल खात होतं.

तिची उंची वाढत नाही, हे सातवी-आठवीत सगळ्यांच्याच लक्षात आलं. प्रार्थनेच्या रांगेत ती पहिली उभी राहायची, आणि पाचवीतल्या मुली तिच्यापेक्षा उंच दिसायच्या. तिचे बाबा चांगले पावणेसहा फूट, त्यांच्या घरात सगळेच ताडमाड. मी चार फूट अकरा इंच. आनंद नगरचे आमचे नेहमीचे डॉक्टर तिच्याकडे पाहायचे, मग माझ्याकडे पाहायचे आणि हसून म्हणायचे, "मम्मी पे गई है." तिचं रक्त कायम कमी निघायचं. ते लोहाचं सिरप द्यायचे. तीन महिने घ्या, सहा महिने घ्या. तोंड यायचं, त्याच्या गोळ्या. पोट बिघडायचं, त्याच्या वेगळ्या. प्रत्येक गोष्टीला औषध होतं, त्यामुळे सगळं मिळून एकच काही असेल असं कुणाच्याच डोक्यात आलं नाही. मला तर 'मम्मी पे गई है' हे ऐकून थोडं लाजल्यासारखं व्हायचं आणि थोडं सुटल्यासारखंही. उंची माझ्यावर गेली असेल तर तो काही आजार नव्हे.

आठवीत असताना तिच्या शाळेच्या वार्षिक समारंभाला एक महिला पोलीस अधिकारी पाहुणी म्हणून आली होती. उंच, सावळी, टोपी काखेत धरलेली. भाषण तिनं दोनच मिनिटं केलं म्हणे. पण मुलगी घरी आली ती दप्तर न ठेवताच मला म्हणाली, "आई, मला पोलिसात दरोगा व्हायचंय."

"हो की," मी म्हणाले.

"पण हाइट लागते. मैंने मॅडम से पूछा. माझी खूप कमी आहे."

"कमी आहे तर वाढवू," मी म्हणाले. किती सहज म्हणाले मी ते.

दुसऱ्या दिवशी मी वहीत तक्ताच आखला. पहाटे उठून दोरीवरच्या उड्या, सूर्यनमस्कार, मग कारखान्याच्या वसाहतीतल्या मैदानाच्या दोन फेऱ्या. परत आल्यावर दूध, भिजवलेले बदाम, दलिया. शाळेच्या डब्यात तूप लावलेल्या तीन पोळ्या आणि उसळ. संध्याकाळी अंडं. आमच्याकडे अंडी आणत नसत, मी आणायला लावली. रात्री पुन्हा पोळ्या. ती दोन पोळ्यांवर हात धुवायला उठायची आणि मी म्हणायची, "एक पोळी जास्त म्हणजे एक बोट उंच." हे मीच तयार केलं होतं. ती नाक मुरडायची, पण परत बसायची. पोट दुखतंय म्हणाली तर मी म्हणायची, व्यायाम केलास की पचेल.

तिच्या बाबांनी गच्चीवर पाण्याच्या टाकीच्या दोन खांबांमध्ये लोखंडी पाइप पक्का करून घेतला. लोंबकळायला. त्यांनाही हौस होती. रविवारी सकाळी ते खाली खुर्ची टाकून बसायचे आणि मोठ्यानं आकडे मोजायचे. ती वर लटकलेली असायची, डोळे घट्ट मिटून, ओठ पांढरे पडलेले. खाली उतरली की पाच मिनिटं भिंतीला टेकून बसून राहायची. "थकली," ते म्हणायचे. "कमजोरी आहे, खायला वाढव अजून." मी वाढवायची.

उन्हाळ्याच्या सुट्टीत ती महिना-दीड महिना वर्ध्याला माझ्या आईकडे राहायची. तिथे व्यायाम नाही, तक्ता नाही. माझी आई दोन्ही वेळा ज्वारीची भाकरी थापायची, सोबत वरण, आंबाडीची भाजी, ताक. पोरगी तिथे तीनदा मागून घेऊन जेवायची. परत यायची तेव्हा गाल भरलेले, पोट सपाट, बोलणं चुरूचुरू. एका वर्षी आई मला फोनवर म्हणाली, "इथं तर चांगली जेवते वं पोरगी. तिकडं काय होते तिले?"

मला ते फार लागलं. आईला वाटतंय मी माझ्या लेकीला नीट खाऊ घालत नाही! मी गृहविज्ञान शिकलेली आणि आई चौथी पास. मी म्हणाले, "तिथं अभ्यास नसतो, शाळा नसते, म्हणून." त्याच आठवड्यात मुलगी परत आली आणि मी तिला स्टेशनवरून घरी आणून गरम पोळ्या वाढल्या, आईपेक्षा सरस वाढायच्या म्हणून जरा जास्तच तूप लावून. जुलै संपेपर्यंत ती पुन्हा पिवळी पडली होती. पुढल्या सुट्टीनंतरही तेच झालं. मी ते पाहिलं आणि दर वेळी काहीतरी कारण शोधलं. इथलं पाणी. इथली हवा. शाळेचं ओझं.

तिची पाळी पंधरा संपता संपता सुरू झाली. तिच्या मैत्रिणी तोपर्यंत बायका दिसायला लागल्या होत्या.

अकरावीत असताना, सोळा पूर्ण झाल्यावर काही महिन्यांनी, ती गच्चीवरच्या त्या पाइपवरून पडली. मी स्वयंपाकघरात होते. काही जोरात आवाजही झाला नाही. तिचे बाबा "अगं, खाली ये, अगं ये लवकर" असं वरून ओरडत होते. म्हणजे मी वर यायला हवं होतं, पण घाबरून ते उलटंच बोलत होते. तिला लटकल्या लटकल्या घेरी आली होती. उंची कितीशी, चार-पाच फूट. डावं मनगट मोडलं.

हाडांचे डॉक्टर तरुण होते. त्यांनी एक्स-रे उजेडासमोर धरला आणि बराच वेळ पाहत राहिले. मग आम्हाला विचारलं, एवढ्याशा उंचीवरून पडून हाड असं कसं मोडलं? ही दूध पीत नाही का? मी म्हणाले, दोन ग्लास पिते, रोज, तीन वर्षं. मग त्यांनी मुलीलाच प्रश्न विचारायला सुरुवात केली. पोट साफ होतं का? फुगतं का? तोंड येतं का? रक्त कमी आहे असं कुणी सांगितलंय का? ती एकेकाला मान हलवत गेली. मी मध्ये बोलायला गेले तर त्यांनी हातानंच मला थांबवलं. शेवटी विचारलं, "घर में रोटी किस की बनती है?"

मला प्रश्नच कळला नाही. "गेहूं की," मी म्हणाले. आणि वर अभिमानानं, "शरबती."

त्यांनी एक रक्ताची तपासणी लिहून दिली आणि पोटाच्या डॉक्टर बाईंकडे पाठवलं. त्या तपासणीचा आकडा इतका वर होता की बाईंनी रिपोर्ट दोनदा वाचला. मग दुर्बीण घालून आतड्याचा छोटासा तुकडा काढून तपासला. पंधरा दिवसांनी आम्ही तिघं त्यांच्यासमोर बसलो. त्यांनी कागदावर आतड्याचं चित्र काढून दाखवलं. निरोगी आतड्याला आतून मखमलीसारखी लव असते, अन्नातलं सत्त्व ती शोषून घेते. काही जणांच्या शरीराला गहू चालत नाही, त्यांची ही लव गव्हानं झडत जाते. मग दूध द्या, अंडी द्या, बदाम द्या, लोहाच्या बाटल्या द्या, सगळं नुसतं वाहून जातं. लोक त्याला गव्हाची ॲलर्जी म्हणतात. तिला हे बहुतेक लहानपणापासून असावं, असं त्या म्हणाल्या.

"गेहूं बंद. मैदा, सूजी, दलिया, सब बंद. ज़िंदगी भर," त्या म्हणाल्या. "बाकी आप बिलकुल ठीक हो जाओगी बेटा."

"और हाइट?" मुलीनं विचारलं.

बाईंनी मनगटाचा एक्स-रे पुन्हा पाहिला. हाडांच्या टोकाशी वाढीची जागा असते, ती वयात आल्यावर हळूहळू भरून बंद होते, आणि एकदा बंद झाली की कुठलाही व्यायाम, कुठलंही खाणं ती उघडू शकत नाही, असं त्यांनी सांगितलं. हिची अजून पूर्ण बंद झाली नव्हती. बारीक रेघ दिसत होती.

"थोड़ी-सी जगह बची है. देखते हैं," बाई म्हणाल्या. मग माझ्याकडे न पाहता म्हणाल्या, "पाँच-छह साल पहले आते तो बात और होती."

"आणि ते लटकणं?" तिच्या बाबांनी विचारलं. मराठीतच विचारलं, त्यांच्या लक्षातच आलं नाही. मी हिंदीत सांगितलं. बाई म्हणाल्या, लटकून हाड लांब होत नाही. व्यायाम चांगलाच, भूक लागते, हाडं मजबूत होतात, पण शरीराला अन्न लागत असेल तर. रिकाम्या शरीराकडून करवून घेतलेला व्यायाम हा नुसता त्रास.

घरी आल्यावर मुलगी सरळ स्वयंपाकघरात गेली आणि गव्हाच्या कोठीसमोर उभी राहिली. प्लास्टरमधला हात गळ्यात अडकवलेला होता. मी मागे जाऊन उभी राहिले. तिला जवळ घ्यावं असं वाटत होतं.

ती म्हणाली, "मला भूक नसायची, आई. मी सांगायचे तुला."

एवढंच. ओरडली नाही, रडली नाही. ती सांगायची, हे खरंच होतं. तिचं शरीर दोन पोळ्यांवर उठायचं आणि मी त्याला हात धरून परत बसवायची. अनेक वर्षं. एक पोळी जास्त म्हणजे एक बोट उंच.

त्या दिवशीच मी गहू काढून टाकला. आम्हीही खायचा नाही असं ठरवलं. ज्वारी आणली, बाजरी, मका, तांदूळ. कित्येक वर्षांनी भाकरी थापायला बसले तर पहिल्या चार भाकऱ्या फाटल्या. हिंगाच्या डबीत गव्हाचं पीठ मिसळलेलं असतं, हे मला तेव्हा कळलं. डबी फेकली. बिस्किटं, टोस्ट, शेवया, रव्याचे लाडू, सगळं गेलं. लग्नाला जाताना तिचा डबा सोबत. देवळातला प्रसाद ती हातात घ्यायची आणि माझ्या हातात द्यायची. घराला जणू मोहिमेवर निघाल्यासारखी हुशारी आली होती. आणि खरं सांगायचं तर मला त्या दिवसांत आशाही होती. थोडी जागा उरली आहे, बाई म्हणाल्या होत्या. त्या जागेत जेवढं बसेल तेवढं बसवायचं.

तिचं पोट बिघडायचं थांबलं. तोंड यायचं बंद झालं. पण तपासणीचा तो आकडा हवा तसा खाली येईना. तीन महिन्यांनी थोडा उतरला, सहा महिन्यांनी तिथेच. बाईंनी विचारलं, बाहेर काही खाते का? मुलगी म्हणाली, नाही. मी घरी येताना तिला रिक्षात पुन्हा विचारलं, "खरं सांग, शाळेत समोसा वगैरे?" तिनं माझ्याकडे असं पाहिलं की मी रिक्षावाल्याला वळण सांगायला लागले.

पुढच्या खेपेला बाईंनी एकेक पदार्थ विचारत नेला. ज्वारीचं पीठ कुठलं? मी सांगितलं, ज्वारी मी स्वतः निवडते, धुते, वाळवते, आणि कॉलनीच्या चक्कीवर स्वतः उभी राहून दळून आणते.

"चक्की पर और क्या पिसता है?"

त्या चक्कीवर दिवसभर गहूच दळला जातो. माझ्या ज्वारीच्या आधी गहू, नंतर गहू. चक्कीच्या दगडांत अडकलेलं ते गव्हाचं पीठ मी दर आठवड्याला माझ्या हातानं घरी आणत होते आणि तिला गरम भाकरी म्हणून वाढत होते. रोज थोडं थोडं. सहा-सात महिने. उरलेल्या थोड्या जागेतले सहा-सात महिने.

मी बाईंच्या टेबलासमोर रडले. मुलीनं माझ्या पाठीवर हात ठेवला. तिचा हात मऊ नव्हता, समजूत घालणाराही नव्हता. आपण बसमध्ये अनोळखी बाईला उलटी होताना जसा हात ठेवतो, तसा होता.

घरात छोटी चक्की घेतली. तवा नवा, पोळपाट नवा. आकडा उतरायला लागला. तिच्या चेहऱ्यावर रंग आला. लोहाचं औषध पहिल्यांदाच लागू पडलं. केस गळायचे थांबले. मैदानाच्या फेऱ्या ती आपणहून मारायला लागली, आणि आता मारून आल्यावर भिंतीला टेकत नव्हती. तिचे बाबा म्हणायचे, "बघ, किती पळते!" मी बघायची आणि मला वाटायचं, ही अशी पळणारी मुलगी इतकी वर्षं घरात होती आणि आम्ही तिला पाहिलीच नाही.

दर महिन्याच्या एक तारखेला ते तिची उंची मोजायचे. पहिल्यांदा अर्धा सेंटीमीटर वाढली तेव्हा त्यांनी खोबऱ्याच्या वड्या आणल्या. एकूण वाढली दीड सेंटीमीटर. मग दोन महिने तेवढीच. मग चार महिने तेवढीच. बारावीची परीक्षा झाल्यावर पुन्हा मनगटाचा एक्स-रे काढला. ती बारीक रेघ भरून गेली होती. बाईंनी सांगायच्या आधी मुलीनंच सांगितलं. इतके दिवस पाहून पाहून तिला एक्स-रे वाचता यायला लागला होता. पुढल्या एक तारखेला तिचे बाबा टेप घेऊन उभे राहिले तेव्हा ती म्हणाली, "बाबा, आता नका मोजू." त्यांनी टेप गुंडाळली. ती गुंडाळायला त्यांना खूप वेळ लागला.

तरीही पदवीच्या शेवटच्या वर्षी तिनं पोलीस भरतीचा फॉर्म भरला. आम्हाला सांगितलं नाही. लेखी परीक्षा पास झाली तेव्हा कळलं. तिचे बाबा म्हणाले, "बेटा, आपल्याला माहीत आहे ना पुढे काय आहे?"

"माहीत आहे. पण मला ते त्यांच्या तोंडून ऐकायचंय. घरात ऐकून काही होत नाही."

आम्ही दोघं तिच्यासोबत गेलो. सकाळची वेळ, मैदानाबाहेर मुलींची लांबच लांब रांग. पालकांना फाटकाशी थांबवलं. ती आत गेली आणि मला त्या रांगेत फक्त तिच्या आधीच्या आणि नंतरच्या मुलींचे खांदे दिसत राहिले. तासाभरानं ती परत आली. चेहरा अगदी शांत होता. पाणी प्यायली आणि म्हणाली, "चला."

वाटेत तिनंच सांगितलं. मोजणारी शिपाई बाई चांगली होती. तिनं दोनदा मोजलं. पहिल्यांदा मोजताना हळूच म्हणाली, "बेटा, एड़ी नीचे रखो." मुलगी म्हणाली, "आई, मला खरंच माहीत नव्हतं मी टाचा उचलल्यात. मी तर त्यांचं 'नाही' ऐकायलाच गेले होते ना." आणि मग ती रडली, चालत्या गाडीत, तोंड खिडकीकडे करून. आजाराचं कळलं तेव्हा नाही, एक्स-रेमधली रेघ भरून गेली तेव्हा नाही. तेव्हा रडली. तिचे बाबा गाडी चालवत राहिले. मी पुढच्या सीटवर होते. मागे वळावं, तिला हात लावावा, असं मला वाटलं. पण तो हात कुठल्या तोंडानं पुढे करायचा ते मला समजलं नाही.

डॉक्टर बाईंनी सांगितलं होतं, हा आजार घरात असू शकतो, आई-वडिलांनीही तपासणी करावी. आम्ही ती खूप उशिरा केली, बाईंच्या सांगण्यावरून आधी दोन महिने बाहेर पोळ्या खाऊन. रिपोर्ट यायच्या आधीचे दोन दिवस मी मनात देवाला सांगत होते की माझा खराब येऊ दे. म्हणजे निदान हे माझ्याकडून तिच्याकडे रक्तातून गेलं असं होईल, ताटातून नाही. दोघांचेही रिपोर्ट स्वच्छ आले. ते बघून मुलगी म्हणाली, "छान. मग तुम्ही घरातही गहू खायला लागा परत." तिनं ते मनापासून म्हटलं होतं. आम्ही अजून खात नाही. तिनं हे काही मोठं मानलेलं नाही, आणि मानावं असं काही ते नाहीच.

ती आता एमपी नगरमध्ये एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये रिपोर्ट टाइप करते. काम चांगलं आहे, लोक चांगले आहेत. पुढे शिक, दुसरी परीक्षा दे, असं तिचे बाबा सुचवतात. ती "बघू" म्हणते. जेवताना कधी कधी सांगते, आज एका सहा वर्षांच्या मुलाचा तोच रिपोर्ट आला, आकडा वर आहे. मग भाकरीचा तुकडा मोडत म्हणते, "सही टाइम पे पकड़ में आ गया." तिच्या आवाजात हेवा नसतो. मी शोधते, पण नसतो. तिच्या आवाजात माझ्याशी बोलताना आता फार काहीच नसतं. ती वाईट वागत नाही. औषध विचारते, गुडघे दुखतात का विचारते. फक्त मी वाढायला लागले की ताटावर हात आडवा धरते आणि स्वतः वाढून घेते.

मागच्या महिन्यात खालच्या मजल्यावर एक नवं कुटुंब राहायला आलं. भोपाळमधल्याच कोटरा सुल्तानाबादहून आलेलं, तरुण नवरा-बायको आणि नऊ वर्षांची मुलगी. ती आई एक दिवस दुपारी माझ्याकडे आली. तिला कुणीतरी सांगितलं होतं, वरच्या आंटी खाण्यापिण्यातलं शिकलेल्या आहेत. म्हणाली, "आंटी, इसकी हाइट नहीं बढ़ रही. क्या खिलाऊँ?" तिची मुलगी दाराशी उभी होती. हातपाय बारीक, पोट पुढे, ओठांच्या कोपऱ्यात चिरा. मी तिच्याकडे पाहिलं आणि कागद-पेन काढलं.

मी सांगितलं, खाण्याचं नंतर बघू, आधी एक रक्ताची तपासणी करून घे. नाव कागदावर लिहून दिलं. तपासणी झाल्याशिवाय गहू बंद करू नको, नाहीतर आजार सापडत नाही, तेही सांगितलं. ती कागदाकडे पाहत राहिली. तिचा चेहरा आक्रसत गेला. "बीमार थोड़ी है, आंटी. बस दुबली है. खाती तो सब है." मी तिला थांबवून माझं सगळं सांगायला लागले. पण माझा आवाज चढला असावा, कारण तिनं मुलीला जवळ ओढून घेतलं आणि म्हणाली, गॅसवर दूध आहे.

संध्याकाळी माझी मुलगी कामावरून आली तेव्हा मी तिला सांगितलं. ती म्हणाली, "तू घाबरवलं असशील." मग चप्पल न काढताच खाली गेली. मी दार उघडं ठेवून जिन्याशी उभी राहिले. खालून बोलण्याचे आवाज येत होते, शब्द कळत नव्हते. दहा मिनिटांत ती वर आली.

"काय म्हणाली?"

"म्हणाली, दीदी, आप टेंशन मत लो, हमारे यहाँ सब लंबे हैं." ती चप्पल काढत होती. "माझ्याकडे वरून खालपर्यंत बघत होती, आई. तिला वाटलं मी माझ्या हाइटमुळे बोलतेय."

"कागद तरी ठेवला का तिनं?"

"माहीत नाही." ती हात धुवायला गेली. नळ बराच वेळ चालू होता. मग आतून म्हणाली, "उद्या परत जाते. नहीं तो परसों."

ती दुसऱ्या दिवशी गेली आणि त्यानंतरही एकदा गेली. तिसऱ्या वेळी त्यांनी दार उघडलं नाही. आतून टीव्हीचा आवाज येत होता, असं ती म्हणाली.